सावंतांचा आय७ आणि ऑफिसचा डबा

सावंत (बी-३०२): नमस्कार. कोणाचं नाव घेत नाही, पण दुसऱ्याच्या मुलाच्या डोक्यात काय भरवावं याला काही मर्यादा असावी. काल मी गेमिंग कॉम्प्युटरचं कोटेशन आणलं. आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, लाइटवालं कॅबिनेट. ३२ हजार. आमचे चिरंजीव म्हणतात हा डबा आहे, मला ६५ हजारांचाच पाहिजे. कालपासून ताट खोलीत जातंय.

शिंदे (ए-२०४): ताट जातंय ना, मग ठीक आहे 😀

ओंकार (सी-४०२): काका, नाव घेतलंत तरी चालेल, मीच बोललो त्याच्याशी. पण ६५ हजारांचा घे असं नाही म्हणालो. आय७ च्या पुढचा आकडा विचार, एवढंच म्हणालो.

सावंत (बी-३०२): आय७ म्हणजे आय७. आय५ च्या वरचा. माझ्या घरी २०१४ पासून आय५ आहे. मला शिकवू नकोस.

म्हात्रे (सेक्रेटरी): कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरताच वापरावा 🙏

पाटील (ए-३०३): म्हात्रेसाहेब, मग सोसायटीचंच काढतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी ४२ हजार ठरलेत असं ऐकलं. तीन कोटेशन कुठे आहेत?

म्हात्रे (सेक्रेटरी): ठरलेलं काहीही नाही. मीटिंगला येत चला, म्हणजे ऐकीव माहितीवर राहावं लागणार नाही.

पाटील (ए-३०३): लिफ्टच्या वेळीही हेच उत्तर मिळालं होतं.

सावंत (बी-३०२): हे घ्या कोटेशन. (फोटो)

ओंकार (सी-४०२): काका, यात आय७-३७७० लिहिलंय. डॅशनंतरचा ३ म्हणजे तिसरी पिढी, २०१२ चा प्रोसेसर. तुमचा आय५-४४६० याच्यापेक्षा एक पिढी नवा आहे! असल्या मशीनमध्ये बोर्ड नवा कोरा दिसतो, पण प्रोसेसर कुठल्यातरी ऑफिसच्या जुन्या मशीनमधून काढलेला असतो. याला चार कोर, आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामं. २०२२ च्या आय३-१२१०० लाही चार कोर, आठ थ्रेड. तरी तो आय३ याला आरामात मागे टाकतो.

शिंदे (ए-२०४): म्हणजे आय३ हा आय७ पेक्षा भारी. आमच्या वेळी ७ हा ३ पेक्षा मोठा असायचा.

ओंकार (सी-४०२): आणि ते ४ जीबीचं कार्ड म्हणजे जीटी ७३०. मेमरीची पिशवी मोठी, आत भाजी नाही.

सप्रे काका (ए-१०१): पॉवर सप्लायवर काय लिहिलं आहे?

सावंत (बी-३०२): ५०० वॉट. स्पष्ट लिहिलंय.

सप्रे काका (ए-१०१): ते खोक्यावर. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती ते वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही त्याच लाइनीवर जगतात. १८ असतील तर १२ गुणिले १८, २१६ वॉट. बाकी स्टिकर. मी वीज खात्यात ३४ वर्षं काढली आहेत.

शिंदे (ए-२०४): आमचा मावसभाऊ आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड विकतोय, ८ जीबी, ६ हजार. बोला सावंत, शब्द टाकू का?

ओंकार (सी-४०२): शिंदे काका, ते क्रिप्टोकरन्सीच्या मायनिंगला लावलेलं होतं का विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं बाजारात ओतली गेली. पंखे खडखडतात का, ते समोर लावून अर्धा तास गेम चालवल्याशिवाय कळत नाही. शिवाय ते एकटंच १८५ वॉट खातं.

सप्रे काका (ए-१०१): १८५? मग पॉवर सप्लायवर काय लिहिलं आहे?

नेहा (सी-१०१): सावंत काका, मधे बोलते. नवीन घ्यायलाच हवा का? घरच्या आय५ मध्ये हार्डडिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाका, दुसरी ८ जीबीची रॅम टाका. डीडीआर३ च मागा, डीडीआर४ ची खाच वेगळी असते, ती बसणारच नाही. आणि कार्ड जीटीएक्स १६५० चं बिनवायरचं मॉडेल. ते बोर्डातूनच ७५ वॉट घेतं, पॉवर सप्लाय बदलावा लागत नाही. काही मॉडेलना सहा पिनची वायर लागते, ती टाळा.

सावंत (बी-३०२): बघा! हे शहाणपणाचं बोलणं.

ओंकार (सी-४०२): नेहाताई, बरोबर आहे, पण विंडोजचं काय? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चौथ्या पिढीवर ११ अधिकृतपणे चालत नाही, इंटेलमध्ये आठवीपासून पुढे लागते. आणि तो खेळतो व्हॅलोरंट, ते विंडोज ११ वर टीपीएम २.० मागतं, म्हणजे मशीनमधली सुरक्षेची सोय.

सावंत (बी-३०२): म्हणजे आला परत ६५ वर!

ओंकारची आई (सी-४०२): सावंत भाऊजी, मुलगा फुकट सल्ला देतोय. तुमचं वायफाय बंद पडलं होतं तेव्हा रात्री साडेदहाला हाच वर आला होता. तेव्हा नव्हता कुणी डोक्यात काही भरवत.

सावंत (बी-३०२): वहिनी, गैरसमज नसावा. मी जनरल बोललो.

शिंदे (ए-२०४): जनरलमध्ये बी-३०२ आणि सी-४०२ एवढेच होते 😀

हा संदेश डिलीट करण्यात आला.

पाटील (ए-३०३): सावंत, डिलीट केलेलं मी वाचलं.

ओंकार (सी-४०२): काका, बजेट सांगा सरळ.

सावंत (बी-३०२): ४५. त्याच्या वर एक रुपया नाही. आणि मॉनिटर आहे तोच.

ओंकार (सी-४०२): मॉनिटर आहे तोच ठेवा, हे उत्तम. तो ६० हर्ट्झचा आहे, सेकंदाला ६० च्या पुढे फ्रेम त्यावर दिसणारच नाहीत, मग तेवढं महाग कार्ड कशाला? आय३-१२१००एफ, एच६१० बोर्ड, ८-८ च्या दोन रॅम. एकच १६ ची घेऊ नका, दोन असल्या की वेग जास्त मिळतो. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. पुढे पैसे आले की त्याच बोर्डावर आय५-१२४०० बसतो. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्ड लागणारच. कार्ड आरएक्स ६६००, तेवढ्यात बसलं तर. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढलेत, तिथेच घासाघीस होईल. कॅबिनेट लाइटशिवाय.

सावंत (बी-३०२): लाइटशिवाय चिरंजीव ऐकणार नाहीत.

ओंकार (सी-४०२): लाइट आणि पॉवर सप्लाय यातलं एकच चांगलं येईल, असं सांगा त्याला.

सप्रे काका (ए-१०१): शाब्बास. ५५० वॉट, ब्राँझ रेटिंगचा. पण लेबल वाचूनच.

नेहा (सी-१०१): मग जुना आय५ ऑफिसला द्या की. तिथला पेंटियम फक्त २ जीबी रॅमवर आहे. परवा एक पावती निघेपर्यंत माझा चहा पिऊन झाला.

म्हात्रे (सेक्रेटरी): विचार चांगला आहे. ४२ हजारांचा विषयच संपतो. सावंतसाहेब, किती अपेक्षा?

पाटील (ए-३०३): थांबा. सावंतांचं भंगार आता सोसायटीने विकत घ्यायचं?

सावंत (बी-३०२): भंगार?? ३८ हजारांना घेतलाय. रोज कव्हर घालून ठेवतो. दर दसऱ्याला हार घालतो त्याला.

पाटील (ए-३०३): त्यावर विंडोज ११ बसत नाही असं आत्ताच वर लिहिलंय. तुमच्या मुलाला जे चालत नाही ते सोसायटीच्या हिशोबाला चालतं?

ओंकार (सी-४०२): मी विंडोजऐवजी लिनक्स टाकून देतो, फुकट.

म्हात्रे (सेक्रेटरी): आपलं हिशोबाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का?

म्हात्रे (सेक्रेटरी): ओंकार?

ओंकार (सी-४०२): बघून सांगतो काका.

पाटील (ए-३०३): 👆

नेहा (सी-१०१): पाटील काका, इंटरनेटला न जोडता फक्त पावत्यांसाठी वापरला तर?

पाटील (ए-३०३): मग पावत्या मेलवर कोण पाठवणार? तुम्ही?

सावंत (बी-३०२): वाद नको. मला विकायचाच नाही. ओंकार, शनिवारी येतोस का लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात? रविवारी दुकानं बंद असतात. पावणेनऊची फास्ट, दादरला बदलून ग्रँट रोड. उशीर केलास तर मी निघून जाईन.

ओंकार (सी-४०२): येतो काका. जीएसटीचं बिल घ्यायचं, त्याशिवाय वॉरंटीचं भांडण जिंकता येत नाही. आणि आजच जुना उघडून आतली धूळ काढा.

ओंकारची आई (सी-४०२): शनिवारी त्याचा क्लास आहे.

ओंकार (सी-४०२): आई, पर्सनलवर बोल ना.

सावंत (बी-३०२): उघडला. (फोटो) पंख्यात झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. वाळून काळ्या झाल्यात. काढल्यावर घरघर बंद झाली.

शिंदे (ए-२०४): कोणत्या दसऱ्याच्या?

नेहा (सी-१०१): काका, पंखा हाताने फिरवू नका, पेंटच्या ब्रशने साफ करा.

पाटील (ए-३०३): ऑफिसचं काय ठरलं ते कोणी सांगेल का?

सप्रे काका (ए-१०१): सावंत, फोटोत पॉवर सप्लायचं लेबल अर्धंच आलं आहे. पूर्ण टाका.