‘वनस्पतिजन्य’ म्हणावं का?

लाल रेघ: प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठीच्या पेरॉक्सिडेज नावाच्या एका एंझाइमच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. जनुक हॉर्सरॅडिश या वनस्पतीचं, पण प्रथिन तयार झालंय ई. कोलाय जिवाणूत. मी ‘वनस्पतिजन्य पुनःसंयोजित पेरॉक्सिडेज’ लिहिलं (पुनःसंयोजित म्हणजे रीकॉम्बिनंट, वेगवेगळ्या जीवांचा डीएनए जोडून बनवलेलं). तपासणाऱ्यांचं म्हणणं, झाडात जन्मलंच नाही तर जन्य कसलं? काय लिहू?

पिपेटवाला: रेघ योग्य जागी पडली आहे. मुळांतून काढलेल्या या एंझाइमवर साखरेच्या साखळ्या असतात, वजनाच्या साधारण 18 टक्के. ई. कोलाय त्या जोडत नाही. ‘वनस्पतिजन्य’ वाचून कोणी ते कॉनकॅनॅव्हॅलिन-ए या साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनाने भरलेल्या नळीतून, म्हणजे स्तंभातून, शुद्ध करायला गेला, तर सगळं खाली वाहून जाईल, कारण तो स्तंभ साखरेलाच धरतो. शिवाय जिवाणूत ते बहुधा नीट घडी न पडता गोळ्यांसारखं साचतं. मग ते विरघळवून, हीम (लोह असलेला रेणू) आणि कॅल्शियम पुरवून पुन्हा घडी बसवायची. त्यात माझे दोन आठवडे गेलेत, म्हणून ‘जन्य’ शब्दावर जरा राग आहे.

कोशकिडा: ‘पुनःसंयोजित’ तरी कुठे बरोबर? पुनः म्हणजे आधी जोडलेलं होतं. जिवाणूचा डीएनए आणि हॉर्सरॅडिशचं जनुक आधी कधी एकत्र होते?

आडवी मात्रा: पुनर्विवाहात तीच दोघं पुन्हा लग्न करतात वाटतं?

कोशकिडा: 😄 मान्य. पण जुळवाजुळव डीएनएची झाली, एंझाइमची नाही. आणि ‘एंझाइम’ काय म्हणून? विकर म्हणा.

पिपेटवाला: विकर शाळेच्या पुस्तकात ठेवा. बाटलीवर ‘विकर’ असेल तर आमच्याकडे कोणी उघडणार नाही.

आडवी मात्रा: ‘एंझाइम’ हा शब्द जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्यून यांनी 1877 साली आणला, ग्रीकमधला अर्थ ‘यीस्टमध्ये’. आज किती एंझाइमं यीस्टमधली आहेत? जन्म बघून शब्द बाद करायचे तर आधी हाच करा. ‘जन्य’ राहू द्या.

लाल रेघ: बरं, हॉर्सरॅडिशचं काय करू? एका जुन्या मसुद्यात चक्क ‘शेवगा’ होतं.

पिपेटवाला: इंग्रजीत शेवग्यालाही हॉर्सरॅडिशचं झाड म्हणतात, तिथे घसरले असतील. खरं हॉर्सरॅडिश मोहरीच्या कुळातलं, मुळ्याचं नातेवाईक.

कोशकिडा: मग ‘घोडमुळा’! इंग्रजीतला हा घोडा म्हणजे रांगडा, दांडगा. आपल्या घोडचुकीत आणि घोडनवऱ्यात तोच दांडगेपणा. असा आयता जुळणारा शब्द सोडायचा?

आडवी मात्रा: घोडनवऱ्यात दांडगेपणा नाही, उलटलेलं वय आहे.

कोशकिडा: वाढलेलाच ना शेवटी? आणि ‘मुळा’ स्वतः मूलकावरून, म्हणजे मूळवरून आलेला. ‘घोडमुळ्याच्या मुळांतलं’ म्हणताना मूळ दोनदा येईल, एवढीच अडचण.

पिपेटवाला: पण हे मुळांतलं नाहीच, हेच तर वर सांगितलं.

कोशकिडा: ते झालं. घोडनवऱ्याबद्दल बोला.