एसएसडीआयवर घरकर्ज: डॉक्टरचं पत्र मागतायत आणि उत्पन्नही कमी धरलंय

उंबरठा:
धाकट्या भावासाठी विचारते आहे. अमेरिकेत राहतो, ग्रीन कार्ड आहे, एकटा पालक. उत्पन्न फक्त एसएसडीआयचं (नोकरीच्या नोंदीवर सोशल सिक्युरिटीकडून मिळणारा अपंगत्व लाभ). महिन्याची पूर्ण रक्कम १,८०० डॉलर, मेडिकेअर पार्ट बीचे (सरकारी आरोग्यविम्याचा हप्ता) २०२.९० कापून खात्यात १,५९७ जमा होतात. मुलगी १६ वर्षांची, तिच्या नावे ६०० वेगळे येतात. गाडीच्या कर्जाचा हप्ता २५०, अजून १२ हप्ते बाकी. क्रेडिट स्कोअर ७०५.

लोन ऑफिसरने उत्पन्न १,५९७ धरलं. शिवाय "आजार पुढे किती वर्षं राहील" असं डॉक्टरकडून लिहून मागितलंय. अवॉर्ड लेटरवर (लाभ मंजुरीचं पत्र) शेवटची तारीख नाही, पण तीन वर्षांनी वैद्यकीय फेरतपासणी होईल असं वाक्य आहे. त्यावरून अंडररायटर (कर्जाचा अर्ज तपासणारा) म्हणतो, उत्पन्न टिकेल याचा पुरावा नाही. पत्र द्यावं का? आणि मुलीचे ६०० धरून घेता येतील का?

हिशेबनीस:
पत्र अजिबात देऊ नका. आजार कोणता, किती गंभीर, हे विचारायचा अधिकार कर्ज देणाऱ्याला नाही. फेअर हाउसिंग ॲक्टमध्ये १९८८ च्या दुरुस्तीने अपंगत्व आलं, आणि सरकारी मदतीतून येणारं उत्पन्न आहे म्हणून भेदभाव करायला इक्वल क्रेडिट ऑपॉर्च्युनिटी ॲक्टची मनाई आहे.

फेरतपासणीच्या वाक्यावर बरेच अर्ज अडकतात, आणि विनाकारण अडकतात. एफएचएचा (घरकर्जांचा विमा उतरवणारी सरकारी संस्था) नियम स्पष्ट आहे: पत्रावर लाभ संपण्याची तारीख नसेल तर तो चालू राहणार असंच धरायचं. फेरतपासणी ठरलेली असणं किंवा सुरू असणं, याचा अर्थ लाभ थांबणार असा काढता येत नाही. फॅनी मेसुद्धा (कर्जदात्यांकडून घरकर्जं विकत घेणारी संस्था) स्वतःच्या नोकरीच्या नोंदीवर मिळणाऱ्या दीर्घकालीन एसएसडीआयसाठी, उत्पन्न पुढे तीन वर्षं टिकेल याचा वेगळा पुरावा मागत नाही. सीएफपीबीने (कर्जग्राहकांचं संरक्षण करणारी सरकारी संस्था) नोव्हेंबर २०१४ मध्ये याच विषयावर बुलेटिन काढलं होतं. भावाने लोन ऑफिसरला ईमेल करून एवढंच विचारावं: "डॉक्टरचं पत्र कोणत्या नियमाखाली हवंय, ते लेखी कळवा." फोनवर वाद घालू नका, लेखी राहू दे.

सोबत हे कागद द्या: ssa.gov म्हणजे सोशल सिक्युरिटीच्या साइटवरच्या त्याच्या खात्यातून बेनिफिट व्हेरिफिकेशन लेटर (फुकट, लगेच डाउनलोड होतं), एसएसए-१०९९ (वर्षभरात मिळालेल्या लाभाचा कर-दाखला) आणि एसएसडीआयची रक्कम जमा झालेली दिसेल असं ताजं बँक स्टेटमेंट. लेटरमध्ये कपातीआधीची पूर्ण रक्कम वेगळ्या ओळीत असते. उत्पन्न म्हणून तीच धरायची. मेडिकेअरचा हप्ता हा खर्च आहे, त्याने उत्पन्न कमी होत नाही.

मुलीचे ६०० मात्र सोडून द्या. ते १८ व्या वर्षी थांबतात, हायस्कूल चालू असेल तर फार तर १९ पर्यंत. म्हणजे लागणारी तीन वर्षं भरत नाहीत.

पाचवा_मजला:
वरच्या उत्तरात एक मोठी गोष्ट राहिली: ग्रॉस-अप. कर न लागणारं उत्पन्न हिशेबात वाढवून धरता येतं, आणि कर्जदाराने आठवण करून दिल्याशिवाय कित्येक लोन ऑफिसर ते करतच नाहीत.

आधी कर लागतो का ते पाहू. वर्षाचे २१,६०० होतात, त्यांचे निम्मे १०,८००. निम्मी एसएसडीआय अधिक बाकी उत्पन्न २५,००० च्या आत असेल (एकट्या करदात्यासाठी) तर एसएसडीआयवर फेडरल कर शून्य. मुलीची रक्कम तिची स्वतःची, भावाच्या हिशेबात येत नाही. म्हणजे सगळे १,८०० करमुक्त.

फॅनी मेच्या कर्जात २५ टक्के वाढ: २,२५०. एफएचएत वाढ १५ टक्के किंवा खरा करदर, यातला जो जास्त तो. विवरणपत्र भरावं लागत नसेल तर १५, म्हणजे २,०७०.

आता फरक बघा. घराचा आणि बाकी कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांत बसावे लागतात, इथे ४३ धरू. १,५९७ चे ४३ टक्के ६८६, गाडीचा हप्ता वजा करून घरासाठी उरले ४३६. एफएचएत २,०७० वर हाच हिशेब ६४० वर येतो. फॅनी मेमध्ये ४५ टक्के धरले तर १,०१२, वजा २५० म्हणजे ७६२. या आकड्यात मुद्दल-व्याजाबरोबर प्रॉपर्टी टॅक्स, विमा आणि असल्यास सोसायटीचे शुल्क बसलं पाहिजे. संगणकी मंजुरीत ही टक्केवारी याहून वर जाऊ शकते, पण त्यावर आधी भरवसा ठेवू नका.

गाडीचे दोन हप्ते आगाऊ भरा. दहा किंवा कमी हप्ते उरले की फॅनी मेच्या हिशेबात ते कर्ज बहुधा वगळता येतं, मग पूर्ण १,०१२ घराला मिळतील. गाडी लीजवर असेल तर ही सूट नाही. एफएचएत वगळण्यासाठी हप्ता उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आतही हवा, २५० त्यात बसत नाही. माझ्या मते भावाने फॅनी मेचंच कर्ज आधी मागावं.

चैत्रपालवी:
इथेच विचारते. बहिणीला एसएसडीआय नाही, एसएसआय (कमी उत्पन्न-बचत असलेल्या अपंगांना मिळणारी मदत) आहे. डाउन पेमेंट साठवायला गेलं की बचतीची २,००० ची मर्यादा ओलांडते. काय करावं?

हिशेबनीस:
एसएसआयचा प्रश्न वेगळा. एसएसडीआयला बचतीची मर्यादा नाही. एसएसआयला एकट्यासाठी २,००० आणि जोडप्यासाठी ३,०००, महिन्याच्या पहिल्या तारखेची शिल्लक धरून. स्वतः राहतो ते घर त्यात मोजत नाहीत, अडचण घर घेण्याआधीच्या पैशांची असते.

एबल खातं (अपंगांसाठीचं खास बचत खातं) उघडा. त्यातले १,००,००० पर्यंत एसएसआयच्या मर्यादेत धरत नाहीत. पूर्वी अपंगत्व २६ व्या वर्षाआधी सुरू झालेलं लागायचं, १ जानेवारी २०२६ पासून ती अट ४६ झाली आहे. नातेवाइकांनी मदतीचे पैसे तिच्या हातात न देता थेट एबल खात्यात भरावेत, म्हणजे ते तिचं उत्पन्न ठरत नाही. वर्षाला किती भरता येतात याला मर्यादा आहे, म्हणून लवकर सुरुवात करा. आणि घरासाठी काढलेले पैसे त्याच महिन्यात खर्च झाले पाहिजेत. महिनाअखेर काढले आणि क्लोजिंग (घरखरेदीचा अंतिम व्यवहार) पुढच्या महिन्यात गेलं, तर १ तारखेला ती रक्कम बचत म्हणून मोजली जाते. क्लोजिंगची तारीख पक्की झाल्याशिवाय काढूच नका.

सरकारी घरभाड्याचं व्हाउचर असेल तर स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटीकडे ते घराच्या हप्त्यासाठी वापरता येईल का विचारा. सगळीकडे ही सोय नाही, पण जिथे आहे तिथे अपंग कुटुंबाला नोकरीची अट आणि वर्षांची मर्यादा लागत नाही. ग्रामीण भागात यूएसडीएचं (अमेरिकी कृषी खातं) ५०२ डायरेक्ट कर्जही आहे: डाउन पेमेंट शून्य, मुदत ३३ वर्षं, फारच कमी उत्पन्न असेल तर ३८.

उंबरठा:
दोघांचेही आभार. भावाच्या कर्जदात्याने तरीही नकार दिला तर?

पाचवा_मजला:
पूर्ण अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत निर्णय कळवावा लागतो आणि नकाराची नेमकी कारणं लेखी मागता येतात. कारण "उत्पन्न टिकण्याचा पुरावा अपुरा" असं असेल तर तोच कागद, डॉक्टरच्या पत्राच्या मागणीचा ईमेल आणि अवॉर्ड लेटर जोडून सीएफपीबीकडे ऑनलाइन तक्रार करा. हडकडे (केंद्रीय गृहनिर्माण खातं) फेअर हाउसिंगची तक्रार करायला एक वर्ष मिळतं. पण घर हातचं जाऊ नये म्हणून त्याच आठवड्यात दुसऱ्या कर्जदात्याकडे अर्ज टाका, आणि पहिल्याच ईमेलमध्ये १,८०० ची पूर्ण रक्कम आणि ग्रॉस-अप दोन्ही लिहून पाठवा.