कॅल्शियम सिग्नलिंगला मराठीत काय म्हणायचं? (फळमाशीच्या डोळ्यातलं)

बीएस्सीच्या पोरांसाठी मराठीत नोट्स काढू राहिले, विषय फळमाशीच्या डोळ्यातल्या प्रकाशग्राही पेशी. सिग्नलिंगला सगळीकडे ‘संदेशवहन’ दिसतं आणि आयन चॅनलला (पेशीच्या पडद्यातून विद्युतभारित कण आत-बाहेर सोडणारं प्रथिन) ‘वाहिनी’. आता त्या पेशीतल्या मुख्य चॅनलचं नावच टीआरपी, म्हणजे मी लिहिणार ‘टीआरपी वाहिनी’ आणि पोरं समजणार रात्री आठची मालिका. जळगाव-धुळ्याकडे कोणी याहून बरं काही वापरतं का?

—

ताई, आधी माशीचं बघा. आमच्या रावेर-यावलकडे फळमाशी म्हटलं की आंब्यात, पेरूत अंडी घालणारी, जिच्यासाठी मिथाईल युजेनॉलचे सापळे टांगतो ती. तुमची ड्रोसोफिला म्हणजे जास्त पिकलेल्या केळीवरचं चिलट, दोघींचं कूळसुद्धा वेगळं. चिलट लिहा न, लाज कसली? आनुवंशिकीवाल्या मॉर्गनला १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्याचं सापडलं ते चिलटच होतं.

—

चिलटाला अनुमोदन, वाहिनीला नाही. रक्तवाहिनी, जलवाहिनी ह्या नळ्या झाल्या, इथे तर पेशीच्या पडद्यातलं उघडमिट करणारं तोंड आहे. उजेडाचा एक कण ऱ्होडॉप्सिनने (डोळ्यातलं उजेड टिपणारं प्रथिन) टिपला की जी-प्रथिन जागं होतं, ते फॉस्फोलायपेज-सी या विकराला (एन्झाइमला) उठवतं, ते पडद्यातलं पीआयपी-टू नावाचं स्निग्ध द्रव्य तोडतं आणि मग टीआरपीचं तोंड उघडून बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, सगळा कारभार मिलिसेकंदांचा. बारं देताना आपण वाफ्याचं तोंड फोडतो आणि भरला की मातीने बुजवतो तसंच, फक्त इथे बुजवायचं काम आत आलेलं पाणीच करतं! कारण कॅल्शियम आधी आजूबाजूची तोंडं उघडायला हातभार लावतं आणि जास्त झालं की तेच बंद पाडतं, मग कॅल-एक्स नावाचं प्रथिन सोडियम आत घेऊन त्याला बाहेर काढतं. म्हणून संदेशवहनही पटत नाही, कॅल्शियम कोणाचा निरोप पोचवत नाही, त्याचं वाढणं हाच इशारा. ‘कॅल्शियम-इशारा’ आणि ‘आयन-द्वार’ लिहा.

—

द्वार चालेल, पण भो, टीआरपीचं भाषांतर करू नका. ट्रान्झिएंट रिसेप्टर पोटेन्शियल हे नाव मुळात बिघाडाचं आहे. १९६९ मध्ये कोसेन्स आणि मॅनिंग यांनी असं चिलट दाखवलं की उजेड चालूच असताना त्याच्या डोळ्याचा विद्युत प्रतिसाद जरा वेळ येऊन विरून जायचा. नंतर कळलं की द्वारच बिघडलेलं, आत पुरेसं कॅल्शियम नाही, त्यामुळे फॉस्फोलायपेजला ब्रेक नाही आणि पीआयपी-टूचा साठा खलास. म्हणजे ट्रान्झिएंटचा ‘क्षणिक’ शब्द धडधाकट द्वाराला चिकटवला तर अर्थ पार उलटा, कारण प्रतिसाद टिकतो तो त्याच्यामुळेच.

बाकी पोरांना नंदुरबारच्या मिरचीपासून सुरुवात करून द्या. तिखटाने जीभ पेटते ती टीआरपीव्ही-१ मुळे, याच घराण्यातलं, डेव्हिड ज्युलियसच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधलेलं, त्याला २०२१ चं नोबेलही मिळालं (पॅटापुटियनसोबत). शेवभाजी खाल्लेलं पोरगं हे विसरायचं नाही.

—

सगळ्यांचे आभार. आयन-द्वार एकदा लिहून पुढे चॅनलच ठेवते, तोंडी परीक्षेत पोरं तेच म्हणणार. इशारा मात्र नको वाटतो, हवामान खात्याचा वाटतो, त्यापेक्षा ‘संकेत’ घेते. चिलटाचं विभागप्रमुखांना विचारावं लागेल.