पावलोव म्हणजे नुसती घंटा नव्हे हो!

निवृत्त_मास्तर: काल इथे कुणीतरी लिहिलंय, पावलोवने, त्या रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने, घंटा वाजवली, कुत्र्याची लाळ मोजली आणि नोबेल खिशात घातलं. डोकंच फिरलं वाचून. अहो, १९०४ चं नोबेल पचनावरच्या कामासाठी होतं! कुत्र्याची अन्ननलिका कापून गळ्याशी बाहेर उघडायची, मग कुत्रं मिटक्या मारत मांस खातंय, घास गळ्यातून खाली ताटलीत पडतोय, पोटात कणभर जात नाही, तरी जठराला लावलेल्या नळीतून रस ठिबकतोय. व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूकडून जठराकडे जाणारा मज्जातंतू, कापली की रस बंद. म्हणजे हुकूम वरून येतो.

भूभूची_आई: मिटक्या काय, कौतुक काय! तुमच्या गळ्याला भोक पाडलं असतं म्हणजे कळलं असतं. वर तोच रस बाटल्यांत भरून अपचनाचं औषध म्हणून विकायचे, लॅबच्या खर्चाला. आमच्या सोसायटीत मी दोन पोळ्या घातल्या तर लगेच नोटीस लागते.

अर्धा_मार्क: मास्तर, घंटेचं निघालंच आहे तर सांगतो. बीएडला अभिजात अभिसंधानावर प्रश्न होता, म्हणजे खाण्याआधी दरवेळी तीच खूण दिली की पुढे नुसत्या खुणेनेही कुत्र्याला लाळ सुटते ते; मी उद्दीपक, म्हणजे ती खूण, म्हणून मेट्रोनोम (टिकटिक ठोके देणारं यंत्र) लिहिलं तर मॅडमनी अर्धा मार्क कापला, का तर गाइडमध्ये घंटा आहे! त्याच्या लॅबमध्ये मेट्रोनोम होता, बझर होता, दिवे होते.

वाकडं_शेपूट: घंटाही होती. त्याच्याच लिखाणात आहे. मॅडम बरोबर.

अर्धा_मार्क: असेल हो, पण मेट्रोनोम चूक कसा? अर्ध्या मार्काने माझा फर्स्ट क्लास गेला.

वाकडं_शेपूट: अर्ध्या मार्काने कुणाचा क्लास जात नाही, आधीचे पन्नास कुठे गेले ते बघा.

अर्धा_मार्क: तुम्ही मॅडमचे कोण लागता?

निवृत्त_मास्तर: भांडा तुम्ही. ताई, तो भूल देऊन, सगळं निर्जंतुक करून ऑपरेशन करायचा, कुत्री वर्षानुवर्षं जगायची. १९२४ ला लेनिनग्राडला पूर आला तेव्हा पिंजऱ्यात पाणी छतापर्यंत चढलेलं, कुत्री नाक वर काढून पोहत होती. माणसांनी त्यांना पाण्याखालून दारातून ओढून काढलं. त्यानंतर काहींचं शिकवलेलं सगळं पुसलं गेलं. भीतीने मेंदूचं काय होतं हे त्याला तिथे दिसलं. १९३५ मध्ये त्याच्या संशोधन संस्थेच्या आवारात कुत्र्याचं स्मारकही उभं राहिलं.

भूभूची_आई: पुढचं का गाळलंत? नंतर मुद्दाम खोलीच्या दाराखालून पाणी सोडलं, कुत्रं परत घाबरतं का बघायला. बुडता बुडता वाचलेल्या जिवाला! ते स्मारक तुमच्याकडेच ठेवा.

निवृत्त_मास्तर: ... बरं, हा पॉइंट तुमचा. पण नोबेल घंटेसाठी नव्हतं एवढं तरी माना.

भूभूची_आई: मानलं. गळ्याच्या भोकासाठी होतं.

अर्धा_मार्क: रिचेकिंगला तेव्हा पैसे भरले होते मी, पावती अजून आहे. फोटो टाकू का?