पोहे खाल्ले की अकरालाच भूक: जीआयमुळे का?

प्रश्न: नाश्त्याला पोहे खाल्ले की अकरापर्यंत पोटात कावळे ओरडतात, ज्वारीची भाकरी-शेंगाचटणी खाल्ली की तसं होत नाही. वजनही उतरवायचंय. काय बदलू?

उत्तर: जीआय (ग्लायसेमिक इंडेक्स) म्हणजे एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचा आकडा. ग्लुकोजचा जीआय १०० धरतात, ५५ पर्यंत कमी, ७० पासून पुढे जास्त. पोह्यांतलं स्टार्च आधीच शिजलेलं असतं, म्हणून साखर झपकन चढते, इन्सुलिनने तितक्याच लवकर उतरते आणि भूक लागते. निम्मे पोहे कमी करून वाटीभर वाफवलेली मटकी घाला.

उत्तर: ज्वारी आहे म्हणून बिनधास्त राहू नका! पीठ जितकं बारीक तितकं पचन वेगाने. दळण जाडसर आणा. कडक भाकरी आमटीत कुस्करली की न चावता दोन-तीन सहज उतरतात. एकच घ्या, सोबत घट्ट डाळ.

उत्तर: शेंगाचटणीचा जीआय कमीच, पण मोठ्या चमच्याला ८०-९० कॅलरी. वजन इथेच अडतं. एकच चमचा, वरून तेल नको.