गोल झाला होता. मग आमच्याच पोरीनं 'नाही' का म्हणावं?

फोंड्याचा हँडलर

जुलैचा पाऊस. मैदानात गुडघाभर चिखल. म्हणून आठ कॉलेजांची अल्टिमेट फ्रिस्बीची स्पर्धा यंदा हॉलमध्ये भरली आणि आम्ही दहा जण शनिवारी सकाळी कदंबाच्या बसमध्ये बसून निघालो. सहा मुलगे, चार मुली, पिशवीत पाच डिस्क. कंडक्टर म्हणाला, "जेवणाचं कंत्राट घेतलंय काय रे?"

खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १७५ ग्रॅमची डिस्क. हातात आली की पळायचं नाही, एक पाय रोवून पास द्यायचा. पडली की समोरच्यांची. त्यांच्या टोकाच्या एंड झोनमध्ये आपल्या माणसानं झेलली की गोल. बाहेर गवतावर सात-सात जण खेळतात, हॉलमध्ये पाच-पाच. आणि पंच नसतो. फाउल झाला तर ज्याच्यावर झाला तोच ओरडतो. समोरचा 'बरोबर' म्हणतो किंवा 'मला नाही पटत' म्हणतो. पटलंच नाही तर डिस्क आधीच्या थ्रोअरकडे परत जाते.

आता मुद्दा. उपांत्य सामना, ९-९, वेळ संपलेली. पुढचा गोल करील तो फायनलला. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं कोपऱ्यात डिस्क झेलली. आम्ही नाचायला लागलो, समोरचे मान खाली घालून उभे. आणि ती म्हणते, "थांबा, माझा पाय टेपवर होता." या खेळात गोलरेषा एंड झोनमध्ये धरत नाहीत, ती मधल्या मैदानातच मोजतात. रेषेवर पाय म्हणजे गोल नाही. डिस्क तिच्याकडेच राहिली, खेळ पुढे चालू झाला, पुढच्याच पासला डिस्क पडली आणि त्यांनी दोन पासांत गोल केला. आम्हाला शेवटी स्पिरिटचं, म्हणजे खिलाडूवृत्तीचं, बक्षीस दिलं. काय, तर एक मग.

ती खोटं बोलायला हवी होती, असं मी म्हणत नाही. पण त्या लाकडी फरशीवर बास्केटबॉलच्या रेषा, बॅडमिंटनच्या रेषा, व्हॉलीबॉलच्या रेषा आणि त्यावर आयोजकांनी मारलेली काळी टेप, जी दुपारपर्यंत अर्धी उपटलेली. अशा ठिकाणी अठरा वर्षांच्या पोरीनं, घामाघूम, धापा टाकत, स्वतःविरुद्ध निकाल द्यायचा? हॉलमध्ये निदान रेषेवर तरी एक माणूस ठेवा. मी चुकतोय का?

मडगावचा स्टॉपर

चुकत नाहीस, पण अर्ध्यावरच थांबतोयस. रेषेवर माणूस कशाला, पुरता रेफ्री ठेवा. मी पंधरा वर्षं फुटबॉल खेळलो. डिफेंडरनं स्वतः हात वर करून "माझाच फाउल" म्हटल्याचं मोजून दोनदा पाहिलंय, आणि दोन्ही वेळा तो पाच गोलांनी पुढे होता. ज्याचा फायदा, त्यालाच न्यायाधीश करायचं हे कुठलं शहाणपण? तुमच्या पोरीनं खरं सांगितलं, चांगलं केलं. उद्या समोरचा सांगणार नाही, तेव्हा काय करणार? त्यालाही तो मग द्याल वाटतं!

डिचोलीचे पीटी सर (निवृत्त)

स्टॉपर, रेफ्री असला की सगळं सुरळीत होतं असं तुम्हीच म्हणताय? २२ जून १९८६, मेक्सिको. मॅराडोनानं हातानं गोल मारला तेव्हा मैदानावर रेफ्री होता, दोन लाइन्समन होते. अर्जेंटिना २-१ नं जिंकली. इंग्लंडवाले अजून रडतात.

आणि आपल्याकडचं उदाहरण. फेब्रुवारी १९८०, वानखेडे, सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंड ५ बाद ५८ वरून सावरू पाहत होतं. बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. तो जागचा हलेना. आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ पहिल्या स्लिपमध्ये होता. बॅट लागली नाही असं त्याला वाटलं, त्यानं टेलरला परत बोलावलं. पंचानं बोट वर केलेलं असताना. मी तेव्हा कॉलेजात होतो, रेडिओला कान लावून. आजही वर्गात हीच गोष्ट सांगावी लागते, कारण दुसरी सापडत नाही.

मडगावचा स्टॉपर

सर, गोष्ट पुरती सांगा की. त्यानंतर टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि आपण दहा गड्यांनी हरलो. तुमच्या विश्वनाथला मानाचा मुजरा, पण कसोटी गेली. आणि "दुसरी सापडत नाही" हे तुम्हीच लिहिलंत. पंचेचाळीस वर्षांत एक उदाहरण, आणि त्यावर अख्खा खेळ उभा करायचा?

डिचोलीचे पीटी सर (निवृत्त)

एक नाही. २००३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, श्रीलंकेविरुद्ध, गिलख्रिस्ट पंचांनी नाबाद दिलं असताना स्वतः चालत गेला. आणि ऑस्ट्रेलिया जिंकली! आता बोला.

मडगावचा स्टॉपर

दोन. 🙏

म्हापशाची आई

माझी मुलगी हाच खेळ खेळते, दुसऱ्या कॉलेजातून. मला यातलं नियमबियम फार कळत नाही, पण दोन गोष्टी सांगते.

पहिली, हॉलची फरशी. घरी आली तेव्हा दोन्ही गुडघे आणि एक कोपर सोललेलं. वाळूवर, गवतावर ही मुलं डिस्कसाठी आडवी उडी मारतात, तीच सवय लाकडावर नेली. भाजल्यासारखं कातडं गेलं होतं. आयोजकांकडे आयोडीन होतं, पट्टी नव्हती. तेव्हा रेषेवर माणूस नंतर ठेवा, आधी कोपऱ्यात फर्स्ट एडची पेटी ठेवा.

दुसरी. मुलगे-मुली एकाच संघात खेळतात हे मला सुरुवातीला पटलं नव्हतं. ह्यांना तर मुळीच नाही. पण यंदा बघायला गेले. सामना संपल्यावर दोन्ही संघ आळीपाळीनं उभे राहून एकच गोल रिंगण करतात, खांद्यावर हात टाकून, आणि एकमेकांना तोंडावर सांगतात, तू हे चांगलं केलंस, तो तुझा कॉल मला पटला नाही. आमच्या घरी जमिनीच्या वाटणीवरून अकरा वर्षं दोन भावांचं बोलणं नाही. मी तिथं बाकावर बसून बघत राहिले.

पेडणेकर

सगळं बरोबर, पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. हॉल कुणाचा? २०१४ ची लुसोफोनिया (पोर्तुगीजभाषक देशांची क्रीडास्पर्धा), २०२३ ची राष्ट्रीय स्पर्धा, यांच्या निमित्तानं गोव्यात चांगले हॉल झाले, मान्य. पण पावसाळ्याचे चार महिने बॅडमिंटन आणि टेबल टेनिसच्या पोरांना तेवढीच जागा असते. तिथं दोन दिवस आठ संघ घुसवून अमेरिकन ताटली उडवायची? तुम्हाला मिरामारपासून कोलव्यापर्यंत वाळू पडलीय. ऑक्टोबरपर्यंत थांबा.

आणि 'मग' मिळाला म्हणे. हरलेल्याला मग. आमच्या वेळी याला उत्तेजनार्थ म्हणत.

फोंड्याचा हँडलर

पेडणेकर, 'अमेरिकन' हे खरंच. १९६८ साली न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलच्या पोरांनी सुरू केला. पण बास्केटबॉल कुठून आला? बॅडमिंटन इंग्रजांचं, टेबल टेनिसही त्यांचंच. परदेशी म्हणून हाकलायचं तर तो हॉल रिकामा राहील आणि त्यात फक्त पुण्यात जन्मलेला रोलबॉल चालेल.

आणि स्पिरिटचं बक्षीस उत्तेजनार्थ नाही. प्रत्येक सामन्यानंतर आपण समोरच्या संघाला गुण देतो. पाच बाबी असतात: नियम माहीत आहेत का, अंगाला अंग किती लागलं, निवाडा सरळपणे केला का, वागणं, बोलणं. प्रत्येकी शून्य ते चार. दोन म्हणजे ठीकठाक, म्हणून दहा बेरीज झाली की नेहमीचा चांगला सामना. आम्हाला एका संघानं १४ दिले. पहिला आलेला संघही हे बक्षीस घेऊ शकतो. फक्त यंदा आम्ही हरलो आणि ते आमच्याकडे आलं, त्यामुळे तसं दिसतं. तसं दिसतं हेच तर माझं दुखणं आहे.

पेडणेकर

चौदा वीसपैकी. म्हणजे सत्तर टक्के. फर्स्ट क्लास पण डिस्टिंक्शन नाही.

ताळगावची हॅमर

मी तीन वर्षं खेळतेय, थोडं नियमाचं बोलते. स्टॉपर म्हणतात तसा रेफ्रीचा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये २०१२ पासून रेफ्री आहेत. जागतिक संघटनेच्या मोठ्या स्पर्धांत 'गेम अ‍ॅडव्हायझर' असतात. ते रेषेजवळ उभे राहतात, विचारलं तर काय दिसलं ते सांगतात, पण अंतिम निर्णय खेळाडूंचाच. हँडलर मागतोय ते साधारण हेच. त्यात खेळाचा आत्मा वगैरे बुडत नाही.

पण मी तरीही विरोधात आहे, आणि कारण फार साधं आहे. कॉलेजच्या स्पर्धेत रेषेवर उभा राहणार कोण? दुसऱ्या संघातला कोणीतरी, ज्याचा सामना तासाभरानं आहे आणि ज्याचं सगळं लक्ष बाहेरच्या रस-आमलेटच्या गाड्यावर आहे. त्याला विचारलं की तो म्हणणार, "हं? गोल असेल बहुतेक." त्यापेक्षा जिचा पाय आहे तिला जास्त कळतं. बुटाखाली टेपची घडी लागते तेव्हा तळव्याला समजतं.

मात्र टेपचं दुखणं खरं आहे. बॅडमिंटनमधून आलेली मुलं तर हमखास गोंधळतात. तिथं रेषेवर पडलेलं शटल आत. इथं बाजूच्या रेषेवर पाय म्हणजे बाहेर. आमच्याकडे एकजण अख्खा सीझन रेषेवर झेलून "आत, आत" ओरडायचा.

समोरच्या संघातला

धागा वाचत होतो, लिहिणार नव्हतो. पण आता राहवत नाही. त्या सामन्यात कोपऱ्यात तुमच्या मुलीला मार्क करणारा मीच.

एक. मला तिचा पाय दिसला होता. मी श्वास घेऊन हात वर करणार इतक्यात ती बोलली. त्यामुळे "समोरचे मान खाली घालून उभे" हे खरं नाही. मी गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत होतो. ती गप्प बसली असती तर मी कॉल केला असता, तिनं नाकारला असता, डिस्क मागे गेली असती आणि दहा मिनिटं वाद झाला असता.

दोन. "पुढच्याच पासला डिस्क पडली" असं लिहिलंयस. कशी पडली तेही लिही की बाबा. तिनं माझ्या काखेखालून फोरहँड काढला, छातीवर, दोन मीटरवरून. वारा नाही, पाऊस नाही, हॉल बंद. घेणारा हँडलर एकटा उभा होता, त्याच्या आसपास कुत्रंही नव्हतं. दोन्ही हातांतून सटकली.

मडगावचा स्टॉपर

हात वर करणार होतास हे आता सांगणं सोपं आहे मरे. जिंकून घरी गेल्यावर सगळेच विश्वनाथ.

बाकी दुसरा मुद्दा मात्र झकास. हँडलर, आहेस काय?

पेडणेकर

😂😂 धागा आत्ता रंगला.

फोंड्याचा हँडलर

आहे.

हो, मीच होतो. पास सरळ होता. मी झेलायच्या आधीच मनात गोल साजरा करत होतो, आणि डिस्क अंगठ्यावर आदळून गेली.

आणि एक आणखी, तुम्ही विचारायच्या आत. डिस्क पडली तेव्हा मी वळून तिच्यावर ओरडलो. "तुला काय गरज होती" असं काहीतरी. रिंगणात ती काही बोलली नाही. परतीच्या बसमध्ये सगळ्यांत पुढच्या सीटवर बसली, बक्षिसाचा मग मांडीवर घेऊन. मी फोंड्यापर्यंत उभाच होतो, जागा रिकामी असून.

तरी टेपबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

म्हापशाची आई

टेपचं राहू दे रे. तिला सॉरी म्हणालास काय?

फोंड्याचा हँडलर

मेसेज टाइप केलाय. पाठवला नाही अजून.

म्हापशाची आई

मेसेज नको. जाऊन सांग.

डिचोलीचे पीटी सर (निवृत्त)

आणि रोज दोनशे झेल. भिंतीपाशी उभा राहा, मित्राला पाच मीटरवरून फेकायला सांग. दोन्ही तळवे, एक वर एक खाली, पावात भाजी धरतो तसं. डिस्क थांबेपर्यंत नजर हलवायची नाही. माझ्या हाताखाली कबड्डीवाले, खो-खोवाले गेले, फ्रिस्बी मी शिकवली नाही, पण चेंडू असो की ताटली, सुटतं ते डोळे आधी पुढे पळतात म्हणून.

ताळगावची हॅमर

सर, अगदी असंच शिकवतात. त्याला 'पॅनकेक' म्हणतात, पण 'पाव-भाजी' जास्त बरं. आजपासून आमच्या संघात तेच नाव.

वाळपईचा नवा

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या कॉलेजात सात-आठ जण तयार आहेत. खेळण्यांच्या दुकानातून एक डिस्क आणली, ती वाऱ्यावर पानासारखी उडते, सरळ जातच नाही. आमचे थ्रो चुकतात की डिस्कच चुकीची?

ताळगावची हॅमर

दोन्ही. पण आधी डिस्क बदल. मागच्या बाजूला वजन लिहिलेलं असतं, १७५ ग्रॅम बघूनच घे, हलकी भिरभिरते. आणि पाऊस असेपर्यंत शाळेच्या व्हरांड्यात बॅकहँडच करा, हॅमर (डोक्यावरून उंच फेकायचा थ्रो) छताला लागेल.

समोरच्या संघातला

वाळपईकर, रविवारी पाऊस उघडला तर आम्ही मिरामारला असतो, चार वाजता. बूट नकोत, वाळू आहे. जास्तीच्या दोन डिस्क आहेत माझ्याकडे. हँडलर, तुम्ही पण या. रेषेला टेप नाही, दोरी पुरतो आम्ही. पायाला लागली की सगळ्यांनाच कळतं.

फोंड्याचा हँडलर

येतो. तिला विचारतो आधी.