मामा सुप्रीम कोर्टात जाणार म्हणतात. आईच्या हिश्श्याच्या निकालाचे आता काय होईल?

उदगीरकर (प्रश्न):
नमस्कार. आईच्या माहेरच्या जमिनीच्या वाटपाचा दावा 2007 पासून चालू आहे. आजोबा 1998 मध्ये वारले आणि आजी त्यांच्या आधीच गेली होती, त्यामुळे वारस तिघेच, दोन मामा आणि आई. जमीन 18 एकर, सगळी वडिलोपार्जित, एकाच गटात, आणि उत्तरेच्या बांधाजवळ एक विहीर. 2013 मध्ये दिवाणी न्यायालयाने आईला नववा हिस्सा, म्हणजे दोन एकर दिले. आजोबा हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीआधी वारल्यामुळे आई सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानेच हिस्सेदार) ठरत नाही, म्हणून आजोबांचा कल्पित तिसरा हिस्सा (मरणाआधी वाटणी झाली असती तर मिळाला असता तो) तेवढा तिघांत वाटावा, असे त्या निकालात म्हटले होते. आईने अपील केले. ते चालू असतानाच मुलींच्या हिश्श्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल आला आणि 2021 मध्ये जिल्हा न्यायालयाने आईचा हिस्सा एक तृतीयांश, म्हणजे सहा एकर ठरवला. त्याविरुद्ध मामांनी केलेले दुसरे अपील उच्च न्यायालयाने मागच्या महिन्यात दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच फेटाळले.

मामांचे पहिल्यापासून म्हणणे आहे की 1996 मध्येच आजोबांनी दोघा मुलांत तोंडी वाटणी करून दिली होती आणि तसा फेरफारही झाला आहे. ही वाटणी शाबीत होत नाही, असे दोन्ही न्यायालयांनी पुरावा पाहून सांगितले. आता आम्ही दिल्लीला जाणार, असा निरोप त्यांनी पाठवला आहे. सर्वोच्च न्यायालयात अपील करणे हा त्यांचा हक्कच आहे का? तिथे साक्षीपुरावे पुन्हा पहिल्यापासून होतात का? आणि तोपर्यंत आमचा निकाल थांबून राहतो का? आईचे वय 68 आहे, त्यामुळे शेवटचा प्रश्न आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे.

तालुका वकील:
उदगीरकर, आपण सर्व तारखा नीट दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. आपल्या प्रकरणात मामांना सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क नाही, त्यांना फक्त अपिलाची परवानगी मागता येते. जिल्हा न्यायालयातले पहिले अपील हा कायद्याने दिलेला हक्क होता. तिथे पुरावा आणि कायदा दोन्ही तपासले गेले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खालचे दुसरे अपील कायद्याचा सारभूत प्रश्न असेल तरच चालते, आणि तसा प्रश्न नाही असे उच्च न्यायालयाने ठरवले. यापुढचा रस्ता संविधानाच्या अनुच्छेद 136 चा आहे. त्याखाली दाखल होते ती विशेष अनुमती याचिका, जिला कोर्टात सगळे एसएलपी म्हणतात. अनुच्छेद 133 प्रमाणे उच्च न्यायालयाकडून प्रमाणपत्र घेऊनही जाता येते, परंतु त्यासाठी सार्वजनिक महत्त्वाचा आणि सर्वोच्च न्यायालयानेच सोडवावा असा कायद्याचा प्रश्न लागतो. जे अपील उच्च न्यायालयाने दाखलही करून घेतले नाही, त्यात असे प्रमाणपत्र मिळण्याची शक्यता मला दिसत नाही.

ही परवानगी जपून द्यायची, हे न्यायालयाने अगदी सुरुवातीला, 1950 च्या प्रीतम सिंग प्रकरणातच सांगून ठेवले आहे. असाधारण परिस्थिती असावी आणि हस्तक्षेप न केल्यास गंभीर अन्याय होईल असे दिसावे, तरच या अधिकाराचा वापर करायचा. साक्षीदार पुन्हा बोलावले जात नाहीत. खालच्या न्यायालयांनी वस्तुस्थितीबद्दल एकसारखा निष्कर्ष काढला असेल, तर तो निष्कर्ष पुराव्याला सोडून आहे किंवा महत्त्वाचा कागद पाहिलाच गेला नाही, असे दाखवल्याशिवाय सहसा तिथे कोणी त्याला हात लावत नाही. तोंडी वाटणी झाली की नाही हा आपल्याकडे तंतोतंत असा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि त्यावर दोन न्यायालयांचे एकमत आहे.

आता आपल्या बाजूचा मुख्य आधार. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की मुलगी जन्मानेच सहदायाद असते, त्यामुळे 9 सप्टेंबर 2005 या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. त्या प्रकरणातले वडील 1999 मध्ये वारले होते, आपले आजोबा 1998 मध्ये, म्हणजे दोन्ही परिस्थिती जवळजवळ सारख्या आहेत. महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीत 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, आणि आपल्या आईंसारख्या असंख्य लेकी त्या एका तारखेमुळे मागे राहिल्या. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीत लग्नाचा तो अडसर उरला नाही.

20 डिसेंबर 2004 पूर्वीची वाटणी मात्र सुरक्षित आहे, आणि मामा बोट ठेवणार ते इथेच. कायद्याला अपेक्षित वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली. नुसती तोंडी वाटणी सांगून भागत नाही. सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तर एखाद्या अपवादात्मक प्रकरणातच ती मानता येईल, असे त्याच निकालात म्हटले आहे. फेरफार हा महसुलासाठीचा कागद आहे, त्याने मालकी ठरत नाही. तरीही 1996 च्या त्या फेरफाराची नक्कल काढून ठेवा. त्यावर आईंना नोटीस बजावल्याची नोंद आहे का, सही किंवा अंगठा आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. एसएलपीत सर्वांत वर तोच कागद लावला जाईल.

मुदत उच्च न्यायालयाच्या निकालापासून 90 दिवसांची आहे. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी गेलेले दिवस त्यातून वजा होतात, आणि सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो. त्यामुळे 91 व्या दिवशी निर्धास्त होऊ नका.

शैलाताई, सोलापूर:
वकीलसाहेबांनी लिहिले ते सर्व बरोबर आहे, पण आम्ही जे भोगले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचे प्रकरण कुळाच्या जमिनीचे होते आणि आम्हीही उच्च न्यायालयात जिंकलो होतो. समोरच्यांची एसएलपी लागली त्या दिवशी आमच्यातर्फे तिथे कोणीच उभे नव्हते, कारण अशी याचिका दाखल झाल्याचे आम्हाला माहीतच नव्हते. नोटीस निघाली आणि त्याच कागदावर 'जैसे थे' असा आदेश झाला. पुढे परवानगी मिळाली, एसएलपीचे दिवाणी अपील झाले, त्याला नवा क्रमांक पडला आणि ते आठ वर्षे पडून राहिले. अखेर निकाल आमच्याच बाजूने लागला, पण आठ वर्षे ताबा समोरच्यांकडे राहिला, आमच्या नावावर पीककर्ज मिळाले नाही आणि वडिलांनी तो निकाल पाहिला नाही. उदगीरकर, प्रकरणाचे शेवटी काय होणार याइतकीच पहिल्या दिवशी काय आदेश होतो याचीही काळजी करा. कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश करू नका असा अर्ज, आजच लावा.

आणखी एक गोष्ट आमच्या वकिलांनाही उशिरा कळली. तिथे सगळे कागद इंग्रजीत लागतात, म्हणून समोरच्यांनी सातबाऱ्याचे भाषांतर करून जोडले होते. आमच्या गटात बारा गुंठे पोटखराबा (गटातला लागवडीला न येणारा तुकडा) होता. भाषांतर करणाऱ्याने पोटखराब्याचे सरळ 'नापीक जमीन' केले आणि क्षेत्राचे आकडे अशा रकान्यात मांडले की वाचणाऱ्याला अख्खा गटच पडीक वाटावा. आम्ही चांगल्या विहीर-बागायतीच्या जमिनीसाठी भांडत होतो, आणि कागदावर ती ओसाड दिसत होती. आमच्या पुतण्याने रात्र जागून मूळ सातबारा आणि भाषांतर ओळीला ओळ लावून तपासले, मग दुरुस्त भाषांतर दाखल केले. तुमच्याकडे याचिकेची प्रत आली की पहिल्यांदा भाषांतरे वाचा. आपले शब्द आपल्यालाच कळतात.

उदगीरकर:
शैलाताई, आपल्या वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटले. कॅव्हेट आमच्या जिल्ह्याच्या वकिलांना लावता येईल का? आणि एसएलपी फेटाळली गेली, तर तिथे सगळे संपले असे समजायचे का?

तालुका वकील:
जिल्ह्याच्या वकिलांना थेट लावता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दाखल करण्याचा अधिकार अॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड असलेल्या वकिलांनाच आहे. ते न्यायालयाची स्वतंत्र परीक्षा उत्तीर्ण झालेले असतात आणि त्यांचे कार्यालय न्यायालयापासून 16 किलोमीटरच्या आत असावे लागते. आपल्या वकिलांमार्फत असे कोणी गाठा. फी परवडत नसेल तर सर्वोच्च न्यायालयाची स्वतंत्र विधी सेवा समिती आहे, आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला विनामूल्य वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आई स्वतः अर्जदार आहेत, त्यामुळे त्यांना तो लाभ घेता येईल. पुष्कळ बायकांना हे कोणी सांगतच नाही.

नुसती एसएलपी दाखल झाल्याने काहीही थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती वेगळी मिळावी लागते. म्हणून कॅव्हेटवर उभ्या राहणाऱ्या वकिलांना दोनच गोष्टी पक्क्या सांगून ठेवा. पहिली, दोन न्यायालयांचा एकसारखा निष्कर्ष. दुसरी, आईंचे वय आणि दाव्याचे वर्ष. स्थगिती द्यायचीच झाली, तर मामांनी दरवर्षी उत्पन्नाचा काही भाग न्यायालयात जमा करावा आणि जमीन विकू नये किंवा गहाण ठेवू नये, अशा अटींसाठी आग्रह धरावा.

फेटाळल्यानंतर काय, हा प्रश्न चांगला आहे, कारण त्यावर वकिलांचाही घोटाळा होतो. कारणे न देता एका ओळीत एसएलपी फेटाळली, तर सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला असे म्हणता येत नाही. त्यात हस्तक्षेप करण्याची इच्छा नाही, एवढाच त्याचा अर्थ. उच्च न्यायालयाचा निकाल स्वतःच्या पायावर उभा राहतो. कुन्हयाम्मद प्रकरणात 2000 मध्ये हे स्पष्ट झाले आणि 2019 च्या खोडे डिस्टिलरीज प्रकरणात पुन्हा सांगितले गेले. परिणामी समोरची बाजू अजूनही उच्च न्यायालयात पुनर्विलोकन मागू शकते. परंतु परवानगी देऊन अपील म्हणून निकाल झाला, तर खालचा निकाल त्यात विलीन होतो. खुद्द सर्वोच्च न्यायालयात पुनर्विलोकन 30 दिवसांत मागता येते आणि ते बहुधा न्यायमूर्तींच्या दालनातच, वकिलांच्या तोंडी युक्तिवादाशिवाय ठरते.

अभ्यासिका:
मी कायद्याची विद्यार्थिनी आहे आणि वरच्या चर्चेत एक वेगळे मत मांडू इच्छिते. सहा एकरांच्या घरगुती वादाची याचिका देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊच नये, असे मला वाटते. 1986 मध्ये बिहार लीगल सपोर्ट सोसायटीच्या प्रकरणात न्यायालयाने स्वतःच म्हटले होते की हे न्यायालय नेहमीचे अपील न्यायालय म्हणून कल्पिलेले नव्हते, आणि त्यासाठी वेगळे राष्ट्रीय अपील न्यायालय असावे असे सुचवले होते. ते झाले नाही. न्यायमूर्तींची संख्या 2019 मध्ये 34 केली, तरी सोमवार आणि शुक्रवारी नव्या याचिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे प्रत्येक पीठासमोर असतात. त्या ओझ्याखाली पाच न्यायमूर्तींच्या संविधानपीठाची प्रकरणे वर्षानुवर्षे मागे राहतात.

तालुका वकील:
अभ्यासिका, आपली तळमळ मला पटते आणि संविधानपीठांबद्दल आपले म्हणणे खरे आहे. पण विनीता शर्मा हे प्रकरण तरी काय होते? दिल्लीतल्या एका घरातल्या बहीणभावांचाच वाद. तेव्हा न्यायालयासमोर स्वतःचेच दोन निकाल परस्परविरोधी उभे होते. 2015 च्या फूलवती प्रकरणात, 2005 मध्ये वडील हयात असले पाहिजेत असे म्हटले होते, तर 2018 च्या दानम्मा प्रकरणात वडील 2001 मध्येच वारलेले असूनही मुलींना हिस्सा दिला होता. खालच्या न्यायालयांनी काय करायचे? एका घरचा वाद वर गेला म्हणून देशातल्या सगळ्या लेकींचा प्रश्न सुटला, आणि अनुच्छेद 141 मुळे तो निकाल आपल्या तालुक्याच्या न्यायालयावरही बंधनकारक झाला. पूर्वी संविधानात 20,000 रुपयांच्या मालमत्तेची मर्यादा होती आणि त्याखालच्या वादांना अपिलाची वाट अरुंद होती. तिसाव्या घटनादुरुस्तीने ती मर्यादा काढून प्रश्नाच्या महत्त्वाला जागा दिली, हे मला योग्य वाटते. एकराच्या आकड्यावरून दार बंद केले, तर ते सर्वांत आधी गरिबासाठी बंद होईल. उदगीरकरांच्या मामांकडे मात्र असा नवा प्रश्नच नाही. त्यांना हवी आहे ती त्याच फेरफाराची चौथ्यांदा तपासणी.

उदगीरकर:
सर्वांचे मनापासून आभार. काल 1996 च्या फेरफाराची नक्कल मिळाली. त्यावर दोन्ही मामांच्या सह्या आहेत. आईचे नाव वारसांत किंवा हितसंबंधितांत कुठेच नाही आणि तिला नोटीस दिल्याची नोंदही नाही. कॅव्हेटसाठी दिल्लीच्या वकिलांकडे वकीलपत्र आज पाठवत आहोत. आईचा एकच प्रश्न उरला आहे. सहा एकर कुठून मोजून मिळतील, आणि विहिरीचे काय? लहानपणी त्या विहिरीवर मोट ती स्वतः हाकायची.

तालुका वकील:
ते दिल्लीत ठरत नाही. शेतसारा असलेल्या जमिनीचे वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी होऊन जमिनीची सरस-निरस (चांगली-हलकी) प्रत पाहून वाटपाचा तक्ता तयार होतो. स्थगिती नसेल तर एसएलपीची वाट न पाहता हुकूमनामा तिकडे पाठवण्याचा अर्ज द्या. विहीर एकाच्या वाट्याला जात असेल, तर इतरांच्या पाण्याच्या पाळ्या आणि विहिरीपर्यंतची वाट तक्त्यातच लिहून घ्यावी लागते. मोजणीच्या दिवशी आईंना बांधावर स्वतः उभे राहू द्या. जुने मोटेचे थारोळे (मोटेचे पाणी ओतले जाते ती जागा) कुठे होते, हे मोजणीदाराला त्या दाखवू शकतील.